खाल्ल्या मिठाचा हिशेब

ब्रिटनच्या राजवाड्यातल्या एखाद्या माजी नोकराने पुस्तक लिहिलं, नाहीतर कॅमेऱ्यासमोर बसून चार गोष्टी सांगितल्या, की वाद आपल्याकडेही पेटतो. मागच्या महिन्यात आमच्या वाचनालयाच्या गप्पांमध्ये हाच विषय निघाला आणि तासभर दोनच वाक्यं आलटून पालटून ऐकू येत राहिली. एक बाजू म्हणे, "ज्याचं मीठ खाल्लं त्याचीच अब्रू चव्हाट्यावर मांडायची?" दुसरी म्हणे, "खरं ते खरं, लोकांना कळलंच पाहिजे." पहिल्या बाजूला नोकर नमकहराम दिसत होता, दुसरीला तो सत्याचा शिपाई वाटत होता. तो किती वर्षं कामाला होता, कुठे राहत होता, नोकरी संपल्यावर त्याच्या हातात काय पडलं, हे त्या तासाभरात एकानेही विचारलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. राजघराण्यातल्या खासगी सेवकाने धन्याच्या देहाचं आणि मनाचं जे पाहिलं, ते मरेपर्यंत पोटात ठेवावं. धन्याच्या सत्तेचं, पैशाचं आणि हाताखालच्या माणसांना वागवण्याचं जे पाहिलं, त्यावर मात्र कोणी कुलूप घालू नये. आणि जो धनी जन्मभराचं मौन मागतो, त्याने जन्मभराच्या भाकरीची सोय करावी. यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि नेमकं तेच या वादात कधी निघत नाही.

ते न निघण्याचं एक कारण आपल्या भाषेत आहे. हुजूर म्हणजे समक्षता, थोरांची उपस्थिती. त्या उपस्थितीत जो सतत राहतो तो हुजऱ्या. छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या वाड्यांत हुजरे, खिजमतगार, चोपदार, फरास ही कामाची साधी नावं होती. आज 'हुजरेगिरी' ही शिवी झाली आहे. कुठला कार्यकर्ता कुठल्या नेत्याच्या गाडीचं दार उघडतो हे सांगायला आपण ती वापरतो. शब्दच असा मळला की त्यामागचा कामगार दिसेनासा होतो. मग आपल्यापुढे दोनच चित्रं उरतात, इमानी कुत्रं किंवा चावरं कुत्रं. माणूस त्यात कुठेच नसतो.

माझे आजोबा दक्षिण महाराष्ट्रातल्या एका लहान संस्थानात हुजरे होते. नाव सांगत नाही, कारण त्या घराण्याची माणसं आज साधी नोकरदार मंडळी आहेत आणि झाल्या-गेल्याचं ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवण्यात अर्थ नाही. राजेसाहेबांच्या निजायच्या खोलीबाहेर आजोबांचं अंथरूण असे. पहाटे अंघोळीचं पाणी किती ऊन हवं, थंडीत कुठला गुडघा धरतो, कुठलं पत्र जेवणाआधी हातात द्यायचं आणि कुठलं विडा झाल्यावर, हे सगळं त्यांच्या अंगात मुरलं होतं. नोकरी सुटून तीस वर्षं झाल्यावरही रात्री घरात कोणी खोकलं तरी ते उठून बसत आणि पाय खाली सोडून चपला शोधत. मी लहानपणी ते पुष्कळदा पाहिलं आहे. वाड्यातल्या गोष्टी सांगा म्हणून आम्ही नातवंडं मागे लागलो की हत्तीच्या, दसऱ्याच्या स्वारीच्या, मुदपाकखान्यातल्या भांडणांच्या गोष्टी मिळत. खोलीच्या आतलं काही विचारलं की एकच उत्तर येई, "ते दार मी लावून आलोय."

त्या उत्तराबद्दल मला आजही आदर आहे. म्हणून मी 'लोकांना सगळं कळलंच पाहिजे' या बाजूचा नाही. पण ते दार लावण्याची किंमत कोणी मोजली, हेही मी घरात पाहिलं आहे. म्हणून मिठाची म्हण तोंडावर फेकणाऱ्यांच्या बाजूलाही मी बसू शकत नाही.

मॅरियन क्रॉफर्ड या बाईंचं उदाहरण घेऊ, कारण पुढच्या सगळ्या भांडणांचा साचा तिथे तयार झाला. स्कॉटलंडमधली ही तरुण शिक्षिका १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला राजकन्या एलिझाबेथ आणि मार्गारेट यांची गव्हर्नेस झाली. सोळा-सतरा वर्षं तिने त्या दोन मुलींना वाढवलं. स्वतःचं लग्न लांबणीवर टाकत राहिली आणि शेवटी १९४७मध्ये, एलिझाबेथच्या लग्नाला दोन महिने उरले असताना, केलं. निवृत्तीनंतर राहायला केन्सिंग्टन राजवाड्याच्या आवारातलं नॉटिंगहॅम कॉटेज हे छोटं घर तिला हयातभरासाठी मिळालं. १९५०मध्ये तिच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या आणि राजघराण्याने तिच्याशी संबंध कायमचे तोडले. ते घर तिला सोडावं लागलं. पुढे ती अबर्डीनला जाऊन राहिली, राजघराण्याच्या बाल्मोरल या उन्हाळी वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अगदी जवळ. दर उन्हाळ्यात राजघराण्याच्या गाड्या त्या रस्त्याने जात. एकही कधी थांबली नाही. १९८८मध्ये ती वारली तेव्हा राजवाड्यातून फुलंही आली नाहीत.

एवढं तिने काय लिहिलं होतं? छोटी एलिझाबेथ रात्री अंथरुणातून पुन्हा पुन्हा उठून आपले बूट सरळ रांगेत आहेत ना हे बघायची, असल्या गोष्टी. सगळं पुस्तक मायेने भरलेलं. त्यानंतर राणीचं चरित्र लिहायला बसलेला बहुतेक प्रत्येक लेखक बालपणाच्या प्रकरणासाठी तिच्याच दारात गेला आहे. याहून बोलकी गोष्ट पुढची आहे. पुस्तकाआधी राजकन्यांच्या आईने, म्हणजे तेव्हाच्या राणीने, तिला पत्र लिहून बजावलं होतं की आमच्या विश्वासातल्या माणसांनी शिंपल्यासारखं मिटून राहायला हवं. त्याच पत्रात अशीही मुभा होती की दुसऱ्या एका लेखकाला लेखमालेसाठी माहिती पुरवायला हरकत नाही, त्याचे पैसेही घ्यावेत, फक्त तिचं नाव कुठे येऊ नये. म्हणजे गोष्ट बाहेर जायला राजवाड्याची हरकत नव्हती. हरकत होती ती सांगणारीच्या नावाला. तेच बूट, तीच रांग, पण ते एखाद्या मान्यवर लेखकाच्या लेखणीतून आलं तर चरित्र आणि शिक्षिकेच्या लेखणीतून आलं तर द्रोह. याला मिठाचा न्याय कसा म्हणायचा?

आता समोरच्या बाजूचं जे सगळ्यात बळकट आहे ते मी मान्य करतो. नोकराची साक्ष भरवशाची असतेच असं नाही. तो पैशासाठी लिहितो, रागाने लिहितो, आपण नसताना घडलेलंही आपण असल्यासारखं लिहितो. खुद्द क्रॉफर्डबाईंचं काय झालं? १९५५मध्ये एका साप्ताहिकात त्यांनी राजघराण्याच्या जूनमधल्या संचलनाचं आणि अ‍ॅस्कॉटच्या शर्यतींचं डोळ्यांनी पाहिल्यासारखं वर्णन छापलं. मजकूर आधीच छापून तयार होता आणि रेल्वेच्या संपामुळे ते ठरल्याप्रमाणे झालंच नव्हतं. त्यांची लेखणी तिथे संपली. डायनाचा बटलर पॉल बरेल याच्यावर चोरीचा खटला झाला. काही कागदपत्रं जपून ठेवल्याचं त्याने आपल्याला सांगितलं होतं, हे महाराणींना २००२मध्ये आठवलं आणि खटला कोसळला. तोवर त्याची बाजू अन्याय झालेल्या माणसाची होती. पण पुढे त्याने पुस्तकं आणि मुलाखती यांची जी रांग लावली, आणि २००८च्या चौकशीत न्यायाधीशांनी त्याच्या साक्षीवर जो उघड अविश्वास दाखवला, त्यानंतर त्याच्या बाजूने उभं राहणं मला जमत नाही.

याहून मोठं उदाहरण आपल्याच घरात आहे. बाळाजी आवजी हे शिवछत्रपतींचे चिटणीस, महाराजांच्या मनातला मजकूर कागदावर उतरवणारा माणूस. १६८१मध्ये कटाच्या संशयावरून संभाजी महाराजांनी त्यांना हत्तीच्या पायी दिलं. त्याच घराण्यातल्या मल्हार रामराव चिटणीसांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला साताऱ्याच्या दरबारी बखर लिहिली आणि तिच्यात संभाजी महाराज व्यसनी, उच्छृंखल असे रंगवले. शंभरावर वर्षं उलटली तरी घरातली जखम शाईत उतरलीच. त्या चित्राने पुढच्या नाटकांना, कादंबऱ्यांना आणि सामान्य माणसाच्या मनाला किती दिवस धरून ठेवलं, हे आपण जाणतो. सेवकाची साक्ष विषारी होऊ शकते, याला याहून वेगळा पुरावा नको.

पण मग त्या विषावर उतारा कशाने मिळाला? बखर जाळून नाही मिळाला. वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्याची कित्येक वर्षं कागद धुंडाळण्यात घालवली, बखरीतलं एकेक विधान समकालीन साधनांशी ताडून पाहिलं आणि १९६०मध्ये संभाजी महाराजांचं चरित्र लिहून ते चित्र पुसलं. बखर उघड्यावर होती म्हणून ती खोडता आली. आणि हेही विसरू नये की शिवछत्रपतींचं सगळ्यात जवळचं मराठी चरित्र ज्याच्यामुळे मिळालं तो कृष्णाजी अनंत सभासदही दरबारातलाच माणूस होता. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून त्याने १६९७मध्ये जिंजीला बखर लिहिली. दरबारातल्या माणसाने तोंड मिटूनच राहावं हा नियम तेव्हा पाळला गेला असता तर आज आपण शिवचरित्र कशाच्या आधाराने लिहिलं असतं? फारसी तवारिखांच्या आणि इंग्रज वखारीतल्या पत्रांच्या? एका साक्षीची खोट दुसऱ्या साक्षीने कळते, आणि त्यासाठी आधी साक्षी शिल्लक राहाव्या लागतात.

त्या शिल्लक राहिल्या नाहीत की काय होतं, ते अब्दुल करीमच्या बाबतीत दिसतं. आग्ऱ्याच्या तुरुंगात कारकून असलेला हा चोवीस वर्षांचा तरुण १८८७मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवासाठी सेवक म्हणून इंग्लंडला गेला. हुद्दा खिजमतगाराचा, काम जेवणाच्या टेबलाशी उभं राहण्याचं. वर्षभरात तो राणीला हिंदुस्तानी शिकवणारा मुन्शी झाला. तिच्या हिंदुस्तानी रोजनिशीच्या तेरा वह्या भरल्या. दरबारातल्या गोऱ्या मंडळींना ते सहन होईना. १८९७मध्ये राणी फ्रान्सच्या दौऱ्याला निघाली तेव्हा मुन्शी बरोबर येणार असेल तर आम्ही राजीनामे देतो, इथपर्यंत त्यांची मजल गेली. १९०१च्या जानेवारीत राणी वारली. अंत्ययात्रेत करीमला जागा मिळाली, आणि काही दिवसांतच त्याच्या घरावर माणसं पाठवून राणीची सगळी पत्रं बाहेर काढली गेली व पेटवली गेली. त्याला हिंदुस्थानात परत धाडण्यात आलं. १९०९मध्ये आग्ऱ्याला तो वारला, तेव्हा उरलेसुरले कागद मागायला सरकारी माणसं त्याच्या विधवेच्या दारात उभी राहिली. त्याची स्वतःची रोजनिशी मात्र घरच्यांनी जपली, फाळणीत ती कराचीला गेली आणि २०१०च्या सुमारास जगापुढे आली.

करीम साधुसंत होता असं मी म्हणत नाही. मानपानाचा त्याला हव्यास होता, राणीच्या मर्जीचा त्याने भरपूर फायदा घेतला. पण त्याने एक ओळ बाजारात विकली नव्हती. मौन पाळलं होतं. तरीही त्याचे कागद जळले. मग मौनाच्या बदल्यात संरक्षण मिळतं, ही जी समजूत मिठाच्या म्हणीत गृहीत धरली आहे, तिचं काय? विल्यम टॅलन याने ब्रिटनच्या राजमातेची पन्नास वर्षं चाकरी केली. हयातीत त्याने आठवणींचं पुस्तक विकलं नाही. २००२मध्ये राजमाता वारल्या आणि ज्या छोट्या लॉजमध्ये त्याचा संसार होता ते त्याला रिकामं करावं लागलं. बोलणारी क्रॉफर्ड आणि न बोलणारा टॅलन, दोघांच्याही हातून घर गेलंच.

समोरच्या बाजूचा दुसरा मुद्दा मला त्याहून कठीण वाटतो. राजाही माणूस आहे, तो आजारी पडतो, रडतो, बायकोशी भांडतो, म्हातारपणी त्याला अंघोळ घालावी लागते. ज्याच्या हातात आपण उघडं अंग देतो त्याच्या तोंडावर भरवसा नसेल तर जगायचं कसं? हे शंभर टक्के खरं आहे. आपल्या घरी आजारी म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या मावशी येतात, त्यांच्याकडूनही आपण हेच अपेक्षितो आणि त्या ते पाळतात. देहाची आणि मनाची लाज राखणं हा या कामाचा धर्म आहे आणि तो कुठल्याही कराराच्या आधीचा आहे.

पण खासगी कुठे संपतं हे ठरवण्याचा हक्क एकट्या धन्याकडे ठेवला की काय होतं? २० जानेवारी १९३६च्या रात्री सँड्रिंगहॅमला पाचवा जॉर्ज मरणशय्येवर होता. त्याचा खासगी वैद्य लॉर्ड डॉसन याने मॉर्फिन आणि कोकेनची इंजेक्शनं स्वतः टोचली आणि राजाचं मरण लवकर आणलं. यातना टाळणं हा हेतू होताच, पण बातमी सायंकाळच्या हलक्या वर्तमानपत्रांत न येता सकाळच्या 'टाइम्स'मध्ये यावी, हाही विचार त्यात होता. हे आपल्याला कसं कळलं? खुद्द डॉसनने टिपून ठेवलं होतं म्हणून, आणि त्या टिपणाला प्रकाशात यायला पन्नास वर्षं लागली. राजाचा मृत्यू याहून खासगी दुसरं काय असणार? आणि देशाच्या प्रमुखाचा जीव घड्याळ पाहून संपवला जातो, याहून सार्वजनिक तरी काय असणार? त्या खोलीत एक परिचारिका होती. तिने दुसऱ्या दिवशी तोंड उघडलं असतं तर तिला आपण नमकहराम म्हटलं असतं का? मला या प्रसंगाचं सरळ उत्तर देता येत नाही. एवढं मात्र कळतं की 'आतलं ते आत' या एका वाक्याने तो सुटत नाही.

वाचनालयात मिठाच्या बाजूने सगळ्यात जोरात नाव निघालं ते खंडो बल्लाळांचं. हे त्या बाळाजी आवजींचेच चिरंजीव. वडिलांना हत्तीच्या पायी दिलं, तरी त्यांनी छत्रपतींची चाकरी सोडली नाही. गोव्याच्या मोहिमेत भरतीच्या पाण्यात संभाजी महाराजांचा घोडा वाहू लागला तेव्हा खंडो बल्लाळांनी तो सावरला, जिंजीतून राजाराम महाराजांची सुटका व्हावी म्हणून स्वतःचं वतन शिर्क्यांना देऊन टाकलं, अशा आठवणी सांगितल्या जातात. माझाही ऊर त्यांनी भरून येतो. पण यात मौन कुठे आहे? खंडो बल्लाळ जिवावर उदार झाले, वतनावर पाणी सोडलं. तोंडावर बोट ठेवल्याबद्दल त्यांना कोणी थोर म्हटलेलं नाही. निष्ठा आणि मौन या दोन वेगळ्या गोष्टींची गाठ कोणीतरी नंतर मारून दिली आहे.

ती गाठ किती खोटी आहे हे पाहायचं तर शनिवारवाड्यात जावं लागेल. ३० ऑगस्ट १७७३. गारदी वाड्यात घुसलेले, अठरा वर्षांचा नारायणराव पेशवा काकाच्या कमरेला मिठी मारून प्राणांची भीक मागतोय. त्या क्षणी त्याच्याजवळ दोन खासगी नोकर होते. राघोबादादांचा नोकर तुळाजी पवार, त्याने नारायणरावाचे पाय धरून त्याला ओढलं. आणि चापाजी टिळेकर, त्याने आपलं अंग नारायणरावावर टाकलं आणि धन्याबरोबर तोही कापला गेला. दोघांनीही एकाच घराण्याचं मीठ खाल्लेलं. तुळाजी तर आपल्या धन्याच्या मिठाला अगदी जागला म्हणायचा! आणि समजा चापाजी त्या दिवशी वाचला असता. रामशास्त्र्यांनी त्याला बोलावून विचारलं असतं, "काय पाहिलंस?" तर राघोबादादाही पेशव्यांच्याच घरातले, म्हणून त्याने गप्प बसायचं होतं का? त्याने सांगितलं असतं, आणि त्या सांगण्यानेच त्याची निष्ठा पुरी झाली असती. ज्यांना आजही मिठाची म्हण पुरेशी वाटते त्यांनी या प्रश्नाचं उत्तर द्यावं.

शिवाय हे मीठ येतं कुठून? ब्रिटनमध्ये २०१२पासून राजघराण्याचा कारभार 'सॉव्हरिन ग्रँट' या सरकारी अनुदानावर चालतो. ते अनुदान तिजोरीतून येतं. तरीही माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात २०१०मध्ये दुरुस्ती करून राजा आणि त्याचे पहिले दोन वारस यांच्याशी झालेला पत्रव्यवहार पूर्णपणे झाकून टाकला गेला. राजघराण्यातल्या ज्येष्ठांची मृत्युपत्रं १९११पासून न्यायालयात मोहोरबंद होत आली. विंडसरच्या दफ्तरात कोणाला काय दाखवायचं ते राजघराणंच ठरवतं. दारं, खिडक्या, झरोके सगळे बंद केल्यावर आतलं सांगू शकणारा एकच माणूस उरतो, तो म्हणजे आत काम करणारा. त्याच्याकडून गुप्ततेचा करार लिहून घेतला जातो. १९९०मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने अशाच कराराच्या आधारे एका माजी कर्मचाऱ्याच्या पुस्तकावर जगभर लागू होणारी, मुदत नसलेली मनाई घातली.

आता या बंद भिंतींमागे काय असू शकतं याचा एक नमुना पाहा. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या कागदांवरून २०२१मध्ये उघड झालं की १९६८मध्ये राजवाड्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने सरकारी अधिकाऱ्यांना सांगितलं होतं: कृष्णवर्णीय स्थलांतरितांना आणि परदेशी लोकांना कारकुनी जागांवर घेण्याची आमच्याकडे प्रथा नाही, घरकामाला मात्र ते चालतात. त्या वर्षीच्या वंशभेदविरोधी कायद्यातून राजघराण्याला सूट मिळाली, ती या वाटाघाटींनंतर. मुन्शीला जाऊन साठ वर्षं झाली होती आणि खिजमतगाराची पायरी तिथेच होती. ही गोष्ट बाहेर यायला त्रेपन्न वर्षं लागली, कारण आतल्या कोणाला ती सांगायची सोय नव्हती. ही कुणाच्या देहाची लाज नव्हे. नोकरभरतीची गोष्ट आहे आणि ती दुसऱ्या दिवशीच सांगता यायला हवी होती.

'करार त्याने राजीखुशीने केला होता ना?' असंही एकाने विचारलं. केला होता, हे खरं. पण त्या कराराची दुसरी बाजू किती लांब जाते? नोकराचं बंधन मरेपर्यंत, धन्याचं बंधन नोकरी असेपर्यंत. घर धन्याचं, त्यामुळे नोकरी गेली की छप्परही जातं. अशा माणसाची सही राजीखुशीची मानायची असेल तर सावकाराच्या कागदावरचा अंगठाही राजीखुशीचाच म्हणावा लागेल. त्यातून नियम सगळ्यांना सारखा असता तरी एक वेळ चाललं असतं. १९९२मध्ये डायनाने गुपचूप टेप पाठवून एका पत्रकाराकडून आपली कहाणी लिहवून घेतली. १९९४मध्ये चार्ल्सने टीव्हीवर येऊन आपल्या मोडलेल्या संसाराची कबुली दिली. २०२३मध्ये प्रिन्स हॅरीने आत्मचरित्रात भावाशी झालेल्या झटापटीपर्यंत सगळं लिहिलं. हा हॅरी लग्नानंतर राजवाड्याच्या आवारातल्या ज्या घरात राहिला, ते नॉटिंगहॅम कॉटेज. बुटांची रांग सांगितली म्हणून क्रॉफर्डबाईंना ज्या घरातून जावं लागलं, तेच. त्या तिघांचं दुःख खोटं होतं असं मी म्हणत नाही, बोलण्याचा हक्क त्यांना होताच. तोच त्या बाईला का नव्हता, एवढंच मला विचारायचं आहे.

मग करायचं काय? मला बडोद्याचं उदाहरण फार आवडतं. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९मध्ये सयाजीराव महाराजांचे रीडर म्हणून नोकरीला लागले. महाराजांना वाचून दाखवायचं, राजपुत्रांना शिकवायचं, दौऱ्यावर बरोबर जायचं, म्हणजे हेही हुजूरचंच काम. त्या शिकवण्याच्या गरजेतून मराठी रियासत उभी राहिली. छत्तीसएक वर्षांनी १९२५मध्ये ते निवृत्त होऊन कामशेतला राहायला गेले. तिथे त्यांचं स्वतःचं घर होतं, स्वतःचं नाव होतं, स्वतःचं काम होतं. महाराजांच्या निधनानंतर, उतारवयात, त्यांनी त्यांच्या सहवासाच्या आठवणी लिहिल्या. बडोद्याने त्यांना वाळीत टाकलं नाही आणि त्यांनीही शयनगृहाची फट उघडली नाही. नोकरी संपल्यावर ज्याला पायाखाली जमीन असते त्याला विकायला निघावं लागत नाही. अर्थात सरदेसाई पदवीधर होते, विद्वान होते, त्यांना ती जमीन मिळवता आली. पाणी तापवणाऱ्याला ती कोणी द्यायची?

ती करारानेच द्यावी लागेल. मौन हा कामाचाच भाग असेल तर मौन चालू असेपर्यंत त्याचं वेतनही चालू राहिलं पाहिजे: निवृत्तिवेतन, राहायला छप्पर, आणि तक्रार न्यायची तर राजवाड्याबाहेरची जागा. सरकारी कागद ठरावीक वर्षांनी खुले होतात, तशी नोकराच्या तोंडालाही मुदत असावी. फौजदारी गुन्हा, सार्वजनिक पैसा, वर्ण किंवा जात पाहून माणसं नेमणं, यांना तर मुदतीची अटही नको. यातलं काही राजघराण्यांपुरतं नाही. आपल्याकडे २००८मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला, त्या वेळीही 'घरातल्या माणसाला कायदा कशाला?' हे ऐकू आलं होतंच. घरातला माणूस म्हणायचं आणि घर मात्र द्यायचं नाही, हे फार जुनं आहे.

१९४८मध्ये दक्षिणेतली संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. दरबारच्या कारकुनांची, शिपायांची नावं पटावर होती, त्यांची सोय लागली. आजोबांचा पगार खासगीतून, राजेसाहेबांच्या हातून येत असे, त्यामुळे त्यांचं नाव कुठल्याच पटावर नव्हतं. निवृत्तिवेतनासाठी त्यांनी अर्ज केला. कचेरीतून तो परत आला, सोबत शेरा की केलेल्या कामाचं स्वरूप तपशीलवार लिहून द्यावे. त्यांना लिहिता येत होतं, अक्षर चांगलं होतं. त्या रकान्यात कोणतं औषध कधी दिलं, रात्री किती वेळा उठावं लागे, कोणाला कोणत्या दाराने आत आणलं, हे लिहिलं असतं तर अठरा वर्षांचा पुरावा झाला असता. अर्ज पुन्हा नामंजूर झाला आणि ते एका शाळेत घंटा वाजवायच्या कामाला लागले. तो कागद आमच्या पत्र्याच्या ट्रंकेत अजून आहे. कामाचं स्वरूप या रकान्यात काळ्या शाईने एकच ओळ आहे: "हुजूर सेवेत होतो."